काडीपेट्यांचा डबा

"काडीपेटी काढा, गुर्जी."

ऊस तुटायला लागला की मामांचा तळहात असा समोर यायचा. बांधावर, पारावर, किल्लारीच्या स्टँडवर, कुठंही. काडीपेटी दिली की ती सदऱ्याच्या खिशात जायची आणि मामा पुढच्या माणसाकडं वळायचे. नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याला बिडीची तलफ आलीय. मामांनी जन्मात बिडी ओढली नव्हती.

मामा आमच्या शाळेचे शिपाई आणि रानात माझे बांधशेजारी. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. लोक त्याला येडं म्हणतात आणि तो दिसला की वाट बदलतात. आमच्या गावानं तेच केलं. मीही.

आणि गंमत बघा, हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच भरलेलं.

आठवीला हरितगृह परिणाम शिकवत होतो. काचेचं हरितगृह आमच्या पोरांनी कुठं बघितलंय? म्हणून म्हणालो, भर उन्हात काचा लावून उभी केलेली एसटी आठवा. ऊन आत येतं, पण आतली उष्णता बाहेर पडत नाही. धुरातला कर्बवायू पृथ्वीला तसंच कोंडतो. मामा तास संपल्याचा टोला द्यायला दारात उभे होते, ते टोला द्यायचंच विसरले. हेडमास्तर ओरडत आले तेव्हा कुठं घंटा झाली.

मधल्या सुट्टीत मामा आले. "गुर्जी, आपण उसाचं पाचट जाळतो, त्याचा धूर बी त्यातच जातो का?"

"हाव. जातो की."

"आन न जाळता सरीत कुजवलं तर?"

"तर थोडाफार कर्ब मातीत मुरतो. जमीनही सुधारते."

"मंग तुम्ही कामून जाळता?"

मी हसलो. "सगळं गावच जाळतंय, मामा."

मामा हसले नाहीत.

त्या वर्षी त्यांनी आपल्या दोन एकरांतलं पाचट हातानं सरीत दाबलं. उंदीर झाले, गावात हसं झालं, सख्ख्या भावानं शिव्या घातल्या. दोन वर्षांनी मामा ओंजळभर माती घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि हजेरीपटाशेजारी ठेवली. त्यात गांडुळं वळवळत होती. बाई किंचाळल्या. मामा मात्र लेकीचा पहिला नंबर आल्यासारखे माझ्याकडं बघत होते. "तुमचा धडा हाय ह्यो, गुर्जी."

काडीपेट्या गोळा करणं तेव्हापासूनचं. माझी मागितली तेव्हा मी दिली, वर पोरांसमोर शब्दही दिला, "माझ्या रानात आता काडी लागणार नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पाळला का? कसला पाळतो! पुढच्याच हंगामात तोड उशिरा झाली. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र आज येतो, उद्या येतो म्हणत आलंच नाही. लेकीला क्लाससाठी लातूरला सोडायचं होतं. कारणं काय, माझ्यासारख्याकडं तयारच असतात. दुकानातून नवी काडीपेटी घेतली आणि भर दुपारी पाचट पेटवलं. वारा पडलाय असं वाटलं होतं.

जाळ बांध ओलांडून मामांच्या रानात शिरला. मामा लिंबाचा डहाळा घेऊन धुरात झोडपत सुटले. मी बादल्या ओतत होतो. वाळलेलं पाचट ते, किती वेळ टिकणार? तासाभरात तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला गुडघ्याएवढा खोडवा करपला आणि इतकी वर्षं जपलेली ती माती राखेखाली गेली.

वाटलं, आता मामा माझी आई-बहीण काढतील. काढायलाच पाहिजे होती. ते खोकत खोकत आले, भुवया जळालेल्या, आणि तळहात पुढं केला.

"काडीपेटी काढा, गुर्जी."

मी दिली. लाज वाटली, लई लाज वाटली.

त्यानंतर माझ्या तासाला मामा कधी दारात थांबले नाहीत. टोला मात्र अगदी वेळेवर द्यायचे.

खोकला राहिलाच. पुढच्या हिवाळ्यात मामा गेले. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासूनच कमजोर होती. म्हणू देत. त्या दुपारचा धूर मी बघितलाय.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मामी पत्र्याचा डबा घेऊन बसल्या. त्यात गावभरच्या काडीपेट्या, प्रत्येकीवर पेनानं नाव घातलेलं.

"जाळणं सुटलं की ज्याची त्याला वापस करायची, असं म्हनायचे," मामी म्हणाल्या. "आता कुठलं सुटायलंय? घेऊन जा आपापल्या."

सून एकेक नाव वाचत होती, एकेक माणूस खाली मान घालून उठत होता. माझं नाव आलं. मी उठलो, काडीपेटी घेतली, येऊन बसलो.

डबा रिकामा होत आला तशी सून थांबली. हातातली पेटी तिनं उलटसुलट करून बघितली आणि सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, गुर्जींचं नाव आनखी एकदा हाय."

मांडवात दुसऱ्यांदा उठलेला मी एकटाच होतो.