पाकल्याची रायफल, बाबांचा करदोडा

आधी माझी लायकी सांगून टाकतो. इथले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचतो आणि संध्याकाळी तिखटमीठ लावून बायकोला सांगतो. ती घाबरत नाही, मीच दिवा चालू ठेवून झोपतो. तरीसुद्धा भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. आजही मानतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा जे झालं तेवढंच लिहितो... अर्थ तुम्ही लावा, मला जमलेला नाही.

आमचं घर पेडणे तालुक्यात, पार्सेला. मागीलदारी काजूची बागायत आणि तिच्या वरच्या अंगाला आजोबांची हुर्राक, म्हणजे काजूची दारू, गाळायची भट्टी. आता तिथे नुसत्या भिंती आहेत. घरात मी, माझी बायको सुलभा आणि बाबा. बाबांचे थोरले भाऊ आप्पा सर्वणला मुलाकडे असतात, सणाला येतात.

गोवा मुक्त झाला त्या डिसेंबरातली गोष्ट. एक पाकलो, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, धड मिशीसुद्धा न फुटलेला, पळत येऊन आमच्या भट्टीत लपला. आजोबांनी त्याला राहू दिलं. जेवण पोचवायचं काम बाबांचं, ते तेव्हा सात वर्षांचे. रोज एक उंडो, म्हणजे गोल पाव, आणि वाटीभर पेज. पाकल्याला आपली भाषा येईना, म्हणून बाबांनी त्याला दोनच शब्द शिकवले — गाऱ्हाण्यात सगळे एका सुरात म्हणतात ते 'होय म्हाराजा'. मग आप्पांना खेळ मिळाला. ते भट्टीच्या दारात उभे राहून विचारायचे, "गाढव मां रे तू?" तो हसून म्हणायचा, "होय म्हाराजा." "मारू तुका?" "होय म्हाराजा."

एका संध्याकाळी बाबांनी कमरेचा चांदीचा करदोडा काढून त्याला दिला. वाटेत विकून खा म्हणून. सकाळी बघतात तर पाकलो नाही. आजोबा म्हणाले, "धोतर नेसवून धाडलंय तेका, बंदूक ठेवन गेलो." करदोडा हरवला म्हणून आजीनं बाबांना चुलीतल्या जळत्या लाकडानं मारलं. बाबांनी तोंड उघडलं नाही. पोटरीवरचा डाग अजून आहे.

बाबांची आयुष्यातली कमाई एवढीच, हे त्यांचंच म्हणणं. दुकान काढलं ते बसलं, मासळीचा धंदा केला तो नासला, आणि मुलगा झाला तो मी. "पण एका माणसाक मी तेच्या घराक पोचवलंय," हे ते प्रत्येक चतुर्थीला सांगायचे. आणि आप्पा प्रत्येक चतुर्थीला विचारायचे, "काय रे, तुझ्या पाकल्याचा पत्र इला?" सगळे हसायचे. मीही.

त्या रायफलीची आजोबांनी पुढे शिकारीची बंदूक करून घेतली. नळीखालचं लाकूड अर्ध्यावर कापलं, कड्या काढून फेकल्या, आणि खांद्याला धक्का बसू नये म्हणून दस्त्याच्या मागे ट्रकच्या टायरचा तुकडा ठोकला. रानडुकरांसाठी तिचं लायसन्सही काढलं. आता ती वाजत नाही, पण निवडणूक आली की पोलिसात जमा करायची आणि नंतर परत आणायची एवढा मान तिला अजून आहे.

मला रिपेरीची खोड आहे. यापूर्वी मी एक रेडिओ दुरुस्त केला, तो आता फक्त तापतो. एक स्कूटर केली, तिच्या डिकीत कोंबडी अंडी घालते. गेल्या वर्षी बाबा म्हणाले, "ती बंदूक मी पयली बघितलंय तशी परत एकदा बघूक व्हयी होती रे." झालं. मी म्हापशाच्या वासू मिस्त्रीला गाठलं. बंदुकांच्या दुरुस्तीचं त्याचं लायसन्स आहे, म्हणून काम त्याच्याच दुकानात आणि मी शेजारी लुडबुडायला. नळी आजोबांनी कापली नव्हती, हे नशीब. पुढचं लाकूड फणसाचं घडवलं आणि रंग जुळवायला मी त्याला घरातली सगळी चहा पावडर उकळून पाजली. सुलभानं त्या दिवशी मला चहाऐवजी गरम पाणी दिलं. कड्या लेथवर करून घेतल्या. पट्टा कसा होता, कुठून निघून कुठे अडकायचा, ते बाबा व्हिडिओ कॉलवर हातवारे करून सांगायचे. त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही, त्यामुळे आम्ही काय म्हणतो ते कळत नसे, पण डोळे सात वर्षांच्या पोराचे झाले होते.

टायरचा तुकडा काढला तेव्हा खाली मूळची लोखंडी पाटी निघाली आणि तिच्यात एक छोटं झाकण. आत साफसफाईचं सामान ठेवायची पोकळी असते, वासू म्हणाला. झाकण गंजून बसलं होतं. त्यानं ते उघडलं, मी मोबाईलवर व्हिडिओ घेत होतो. आत काही नव्हतं. वासूनं ब्रश फिरवला, मी बोट घालून फडक्यानं पुसलं, तेलाचा हात दिला. तो व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला. आप्पांचा मेसेज आला, "आतसून पाकलो गावलो काय?"

रायफल घरी आली ती कुलपाच्या कपाटात. चावी माझ्या जानव्याला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कोयता, कुऱ्हाड, नारळ सोलायची सुळी आणि मधोमध ती. गाऱ्हाणं दरवर्षी बाबा घालायचे. पण आता त्यांना 'होय म्हाराजा' ऐकू येत नाही, मग ते थांबूनच राहतात. म्हणून गेल्या दसऱ्याला मी उभा राहिलो. बाबांचे शब्द ठरलेले असत: 'ह्या घराची राखण करणाऱ्या हत्याराक येश दी.' मी मात्र माझ्या कारागिरीच्या मस्तीत होतो. म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आज ही वस्तू मुळात होती तशी करून तुझ्या पुढ्यात ठेवली हा रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"ज्याची जी वस्तू असात, ती त्याका पावती कर रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

सगळ्यांचं म्हणून झालं. आणि मग मागीलदाराकडून आणखी एक 'होय म्हाराजा' आला. उशिरानं. बाहेरच्या माणसानं घोकून म्हणावा तसा, 'म्हाराजा'तला 'रा' घोळवत. सुलभानं माझ्याकडे बघितलं. आप्पा खुर्चीत होते, त्यांचा हात गुडघ्यावर होता तो तिथेच राहिला. मला वाटलं, शेजारचा कोणी असेल.

फुलं वाहायला रायफल सरळ केली तर दस्त्यात काहीतरी खळखळलं. मी झाकण उघडलं. माझ्या ओंजळीत चांदीचा करदोडा पडला. काळा पडलेला, लहान पोराच्या कमरेचा, एक कडी पितळी तारेनं जोडलेली.

बाबांना ती तार ओळखायला चष्मा लागला नाही. त्यांनी करदोडा हातात घेतला. पहिल्यांदा हसले, हरवलेलं सापडल्यावर हसतो तसे. मग ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"ह्यो तेना इकल्यान नाय?" ते म्हणाले. मग ते आप्पांकडे वळले. "तो गेलो नाय, ह्या तुका ठावक होता?"

आप्पा त्यांच्या कानाशी वाकले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "साठ वर्सां मी तुका इचारतंय, पत्र इला काय म्हणान. एकदा तरी माका उलट इचारलंस, कित्याक इचारतंस म्हणान?" मग सुलभाला म्हणाले, "पाना वाढ गो. भूक लागली."

आणि ते जेवले. दोनदा खीर घेतली.

करदोडा आप्पांनीच आत टाकला असेल, हे मीही धरून चाललो होतो. इतकी वर्षं त्यांच्याकडेच असेल, आजोबांनी दिला असेल. पण ते आले तेव्हा पूजा मांडून झाली होती, खुर्चीतून ते उठले नव्हते आणि रायफल कपाटातून पाटावर ठेवली ती मी. नंतर फोनवर सरळ विचारलं. म्हणाले, "तो करदोडो मातयेत गेललो, पाकल्यावांगडा. मी स्वतः बघितलंय." मातीत, पाकल्याच्या सोबत. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ते माझा फोन घेत नाहीत.

रायफल मी पुन्हा वासूकडे नेली. नवं लाकूड काढलं, टायर परत ठोकला. वासू म्हणाला, "केलेला काम मोडूक पैसे देणारो तू पयलोच." त्यानं काही फरक पडला नाही. करदोडा करदोडाच राहिला.

बाबा ती गोष्ट आता सांगत नाहीत. यंदा चतुर्थीला शेजारच्या पोरांनी विचारलं, तर म्हणाले, "माका याद नाय." दुपारी जेवण झालं की मागीलदारी पायरीवर बसतात, शेजारी एक उंडो ठेवतात. त्याला कावळा शिवत नाही, मुंग्यासुद्धा लागत नाहीत. बागायतीकडे तोंड करून बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारतात, "पोचलंस मां रे घराक?" आणि मान वाकडी करून वाट बघतात. बराच वेळ. मग उठून आत येतात.

त्यांना ऐकू येत नाही. मला येतं. सुलभालाही येतं, म्हणून ती त्या वेळी मिक्सर लावते.

वरच्या अंगाकडून, भट्टीच्या बाजूनं येतं: "होय म्हाराजा."

कितीदा वाटलं, बाबांचा हात धरावा आणि कानात ओरडून सांगावं की तो हो म्हणतो, पोचलो म्हणतो. त्यांना निदान दोन घास गोड लागतील. पण त्या पोराला आमच्या भाषेतले दोनच शब्द येत होते. 'मारू तुका?' असं विचारल्यावरही त्यानं तेच सांगितलं होतं.