आईने ऐकलेल्या अमेरिकन नायिका

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मी प्रबंधासाठी विषय निवडला: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखिकांच्या बंडखोर नायिका. जालन्याच्या कॉलेजातले मार्गदर्शक सर म्हणाले, "आपल्याकडं काय उपयोग त्याचा?" मी विषय बदलला नाही.

सुट्टीत टेंभुर्णीला घरी गेले की आई भाकरी थापायची आणि मी शेजारी बसून तिला त्या कादंबऱ्या मराठीत सांगायचे. आई सातवीपर्यंत शिकलेली. कुणा नायिकेला लिहायला घरातून बंदी, तरी ती लिहून पोट भरणार. कुणी भरल्या चर्चमध्ये धर्मगुरूला उलट उत्तर देणार. ऐकता ऐकता आईची भाकरी करपायची. पण बऱ्याच गोष्टींच्या शेवटी नायिकेचं लग्न व्हायचं आणि ती शांत व्हायची. एकदा आई चिडलीच.

"एवढी भांडली आन् शेवटी गप बसली? हे बराबर न्हाई."

"आई, तसा शेवट नसला तर त्या काळी लोकांना पुस्तक पचत नसे."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "मंग गप बसल्याचं नुसतं दाखवलं असंल तिनं."

हे वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घातलं. सरांनी लाल पेनाने गोल करून विचारलं, 'संदर्भ?' मी खाली लिहिलं, 'माझी आई.' त्यांनी खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे आले. मुलगा एमआयडीसीत इंजिनिअर. त्याचे काका म्हणाले, "एम.ए. होऊ द्या, बिलकुल हरकत न्हाई. पण नोकरीबिकरी नको." वडिलांनी मान डोलावली.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "मी नोकरी करणार आहे."

"तू आत जा," वडील म्हणाले.

मी हलले नाही. तेवढ्यात आई बाहेर आली. पाहुण्यांसमोर ती कधीच येत नसे. माझ्या शेजारी सतरंजीवर बसून म्हणाली, "ती नोकरी करणार हाय. चालत नसंल तर चहा घ्या आन् निघा."

त्यांनी चहाही घेतला नाही.

वडील पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. आई रोज त्यांना ताट वाढायची आणि समोरच आपलंही वाढून घ्यायची. त्याआधी ती कधी त्यांच्याबरोबर जेवली नव्हती. तो अबोला त्यांनीच मोडला. माझं मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा म्हणाले, "मी येतो सोबत."

"मी एकटी जाते," मी म्हणाले, आणि गेले.

आता मी परतूरकडच्या एका कॉलेजात शिकवते. लग्न केलेलं नाही. का, असं कुणी विचारलं तर खुलासा देत बसत नाही.