मिशीवाल्या मामाची गुलाबी साडी

मोतीराम पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत हमालांचा मुकादम होता. मिशी अशी की चहा पिताना ओठांआधी तीच भिजायची. चौऱ्याऐंशी साली त्याच्या भाचीचं, जयश्रीचं, सौंसरला लग्न ठरलं आणि मामा म्हणून तो महिनाभर ऐटीत फिरला.

जयश्रीचा भाऊ प्रकाश तिथल्याच एका गिरणीत कारकून. गिरणीत नवी मशीन बसवायला क्लाउस नावाचा जर्मन मिस्त्री आला होता. लोक त्याला किलाससाहेब म्हणत. तो मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. प्रकाशनं त्याला लग्नाला बोलावलं आणि सांगितलं, "हमारे में मामा का मान सबसे बड़ा. मामा के लिए कुछ अच्छा लाना."

मुहूर्ताला भटजी ओरडले, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं!" मोतीराम उठला. क्लाउस त्या मिशीकडे बघतच राहिला.

"ये मामा?" त्यानं प्रकाशला विचारलं.

"हां, यही."

क्लाउसनं अदबीनं पुडकं पुढं केलं. मोतीरामनं तिथंच ते फोडलं. आत जरीकाठाची गुलाबी साडी! बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. मोतीराम मटकन खाली बसला.

"मी काय बाई दिसून राहिलो? आता मी नवरी आणतच नाही!"

क्लाउस घामाघूम. "जर्मनी में मामा मतलब माँ!"

"मंग मामाले काय म्हणते तिकडं?" मोतीरामनं विचारलं. प्रकाश मध्ये हिंदीत सांगत गेला.

"ओंकेल."

"अन् काकाले?"

"ओंकेल."

"आत्याच्या नवऱ्याले? मावशीच्या?"

"ओंकेल. सब ओंकेल."

मोतीरामचा राग कुठच्या कुठं गेला. "सारे एकाच पोत्यात! मंग लग्नात रुसते कोण?"

प्रकाशनं हेही समजावलं. क्लाउसनं बराच विचार केला. "कोई नहीं."

"अरे बाप्पा! लग्न तरी कसे लागत असतीन?" मोतीरामनं त्याच साडीचा फेटा बांधला, नवरी आणली आणि अक्षता पडल्या. मग त्यानं क्लाउसला विचारलं, "तुले बहीण हाय?"

"हां. उसकी दो बेटी."

"मंग तूबी मामाच!"

पंगतीत वाढपी बुंदी घेऊन क्लाउसच्या पानात न वाढताच पुढं गेला. क्लाउसनं पत्रावळ दूर सारली, हाताची घडी घातली.

"मैं भी मामा," तो म्हणाला. "मैं नहीं खाता."

मोतीराम आनंदानं उठला आणि बुंदीचं भगोणं घेऊन त्याची समजूत काढायला धावला.