भावजींच्या दोन पेट्या

शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत आमच्या भावजींइतका ठेक्याला पक्का माणूस दुसरा झाला नाही, आणि आता होईल असंही मला वाटत नाही. माझे धाकटे दीर आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. मी याद्या करून घर चालवणारी बाई, कौतुकसुद्धा तपासून करते. भावजी भाकरी चावतात ती ठेक्यात आणि दात घासतात तेही ठेक्यात. एकदा आमच्या सापगावच्या देवळात भजनाला बसले असताना दोन टाळकऱ्यांचं आपसात जमेना. भावजींनी थोडा वेळ सोसलं, मग उठून दोघांच्या मधे जाऊन बसले आणि दोघांची मनगटं धरून टाळ स्वतःच वाजवू लागले. बुवा गात राहिले. ते टाळकरी अजून भावजींना पाहिलं की हात मागे घेतात.

लग्नसुद्धा त्यांनी कानांनीच ठरवलं. सिद्धगडाच्या पायथ्याला मुलगी पाहायला गेलो होतो. आमच्यासमोर पोहे आले, पण भावजींचं सगळं लक्ष परसात. तिथे दोघी बहिणी एका उखळात आळीपाळीने मुसळ टाकत होत्या, आणि मुसळाला मुसळ एकदाही लागत नव्हतं. भावजी माझ्या कानाशी लागले, "वयनी, ह्यातली जी पयला ठोका देतेय ना, ती." तोंड न पाहता पसंती कळवणारा हा आमच्या घरातला एकटाच नवरदेव. सुदैवाने ती थोरलीच, म्हणजे आम्ही पाहायला गेलो होतो तीच निघाली.

भावजी बेंजो वाजवायचे. मुरबाडच्या एका ढोलकीवाल्याबरोबर त्यांनी पार्टी काढली होती आणि नव्वदच्या दशकात त्या दोघांशिवाय आमच्याकडची हळद रंगतच नसे. ढोलकीवाला भारी होता, पण रंगात आला की पुढे पळायचा. एका हळदीत भर मांडवात भावजी ओरडले, "अरे, माज्या मागं ये!" तो म्हणाला, "मी कुणाच्या मागं येणार नाय," आणि ढोलकी खाली ठेवून जो गेला तो थेट भिवंडीच्या यंत्रमागावर. पार्टी मोडली. पुढे डीजेवाले आले आणि भावजींचा बेंजो खोळीत गेला.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं ते मोबाईल घरोघरी झाले त्या सुमाराला. माझ्या यादीत 'हळदीचं वाजप' असं लिहिलेलं होतं. भावजींनी ते खोडलं. "पार्टी बोलवायची नाय, डीजे नाय. पुतणीची हळद मी एकटा वाजवनार." मग त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून दोन पेट्या आणल्या. पायाने कळ दाबायची नि वाजवायचं, परत दाबली की पेटी तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत राहते. लूपर म्हणतात त्याला. एकीत ढोलकी भरायची, दुसरीत बेंजोची साथ, आणि वर हाताने चाल वाजवायची. बेत झकास होता. पण दोन्ही पेट्या एकदम सुरू केल्या तरी थोड्या वेळाने साथ मागे पडायची. आमचे हे म्हणाले, "ढोलकी शहापूरला पोचली, बेंजो अजून आसनगावातच."

दोन पेट्यांना जोडणारी एक वायर असते. तिच्यातून एक पेटी मालक होऊन दुसरीला ठोके पाठवते, त्याला मिडी क्लॉक म्हणतात. भावजींनी वायर आणली, जोडली, तरी तेच. हळद तोंडावर आली. गावात कुजबुज सुरू झाली की ह्यांच्या मांडवात आता फक्त भांडीच वाजणार. भावजींचं जेवण तुटलं. भाकरी ठेक्यात चावणारा माणूस नुसताच ताटाकडे बघत बसलेला मला पाहवेना.

शेवटी जाऊबाईंनी विचारलं, "अवो, ह्यातली पयली कंची?"

"दोनी पयल्या. दोनी मालक करून ठेवल्यात."

"आन का म्हून?"

"परत लहान-मोठा नको," भावजी खाली बघून म्हणाले.

जाऊबाई हसल्याच. "आमी बहिनी दोगी पयल्या झालो असतो तर मुसळावर मुसळ आपटलं असतं. एकीनं ठोका द्यायचा, दुसरीनं ऐकायचं. ऐकनारी काय लहान होते का?"

भावजींनी दुसऱ्या पेटीची मालकी काढून घेतली. कितीतरी वेळ दोन्ही पेट्या वाजत राहिल्या आणि एक केसभरही सरकल्या नाहीत. भावजी ओट्यावर बसून डोळे पुसत होते आणि आम्ही सगळ्यांनी ते दिसत नाही असं दाखवलं.

हळदीच्या दिवशी लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारीण आजींचं गाणं झालं आणि भावजींनी कळ दाबली. अख्खा सापगाव नाचला. डीजेवाल्यांची पोरंसुद्धा येऊन पेट्यांना वाकून बघत होती आणि मी नवरीची आई असूनही जो भेटेल त्याला "माझे दीर" म्हणून सांगत होते. तेवढ्यात मांडवाच्या खांबाशी मला ढोलकीवाला दिसला. पत्रिका मीच धाडली होती. ढोलकी आडवी पडलेली आणि तिचा आवाज मात्र चालूच, हे तो बघत उभा होता.

"ढोलकी कुनाची रे?"

"तुजीच, तवा ठेवून गेलास ती. मी वाजवून पेटीत भरली. तुजा हात काय मला येत नाय."

"येडा. मी एवढी सरळ कधी वाजवली?"

भावजींनी पायाने दोन्ही पेट्या बंद केल्या. ढोलकीवाला बसला आणि रंगात येऊन पुढे पळालाच. भावजींची भुवई क्षणभर वर गेली. मग त्यांनी मान खाली घातली आणि बेंजो घेऊन त्याच्या मागे मागे गेले.

दुसऱ्या दिवशी तो भिवंडीला परतला. आता दोन्ही तालुक्यांत 'दोन पेट्यावाले' म्हणून भावजींचं नाव आहे आणि लग्नसराईत त्यांना उसंत नसते. पण सुपारी आली की ते आधी भिवंडीला फोन लावतात. "येतोस का रे?" बहुतेक वेळा तिकडून सुट्टी नाय असंच येतं. "बरं," म्हणतात, आणि मग फडकं घेऊन सावकाश पेट्या पुसायला बसतात.