सोमवारची सामाईक चूल

राज्यशास्त्र शिकवणारा माणूस लातुरात राहतो, हीच तेव्हा गमतीची गोष्ट होती. अख्खं शहर डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याच्या मागे लागलेलं. मीही लोह्याहून त्याचसाठी मावशीकडे येऊन राहिले होते. पहाटेपासून क्लास सुरू. शेजारचे सर मात्र कॉलेजात मोजक्या पोरांना लोकशाही, उदारमतवाद आणि समाजवाद यांचा संबंध जीव तोडून समजावायचे. आम्ही सायन्सवाल्या त्यावर तोंडाला रुमाल लावून हसायचो.

मग भूकंप झाला. खेड्यांत जे झालं ते बघवत नव्हतं. आमच्या गल्लीत भिंतींना नुसत्या भेगा पडल्या, पण घरात निजायची कुणाची छाती होईना. सगळे समोरच्या मोकळ्या प्लॉटवर राहायला आलो. सरांनी सुचवलं, घरोघरचं पीठ-डाळ एकत्र करू, एकच चूल पेटवू, ज्याला जेवढी भूक तेवढं त्यानं खावं. वकिलापासून हमालापर्यंत सगळे एका पंगतीत बसले. काय शिजवायचं ते हात वर करून ठरायचं. वांग्याच्या भाजीला कायम बहुमत मिळायचं, याचा मला अजून राग आहे.

स्वयंपाकाला घराघराचे वार लावले. सर दलित होते. किराणा दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईला, म्हणजे गल्लीच्या आज्जींना, सरांच्या घरचं चालणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा जाणत्यांनी शक्कल लढवली आणि सरांच्या घराला सोमवार दिला. आज्जींचा सोमवारचा उपास, म्हणजे प्रश्नच मिटला! उपास संध्याकाळी सोडतात, हे एवढ्या हुशार माणसांच्या ध्यानातच आलं नाही.

दिवेलागणीला पंगत बसली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, भाकरी वाढत आल्या आणि आज्जींनी ताटावर आडवा हात धरला.

"मला न्हाई चालत. मूठभर पीठ द्या, माझं मी करून खाते."

गल्ली भडकली. "एका चुलीचं खायाचं न्हाई, तर एका डब्यातलं पीठ बी न्हाई!" हमालमामा ओरडले. वकिलांनी लगेच तसा ठराव मांडला. भराभर हात वर गेले. आज्जींचा मुलगा मदतीचं सामान घेऊन खेड्यांकडे गेलेला, त्यामुळे त्यांची बाजू घ्यायला कुणी नव्हतं. दिवसभराची उपाशी म्हातारी मान खाली घालून बसली होती.

सरांचा हात खालीच होता.

"सर, अपमान तुमचाच झालाय," वकील म्हणाले.

"झालाय. रागही आलाय मला," सर म्हणाले. "पण पीठ सगळ्यांचं आहे, म्हणजे त्यांचंही आहे. काय शिजवायचं ते आपण मतानं ठरवू. कुणाच्या हातचा घास गिळायचा, ते मतानं ठरत नाही. उद्या ह्याच हातांनी मला पंगतीतून उठवलंत, तर मी कुणाकडे बघू?"

एकेक हात खाली आला. सरांच्या ज्या विषयाला आम्ही हसत होतो तो हाच, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या माणसाविषयी असा आदर वाटला की डोळे भरून आले. काकूंचे मात्र भरले नाहीत.

"भाकरी माझी नाकारली," त्या कडाडल्या, "अन् मोठेपणा तुम्ही मिरवायलात!"

काकूंनी पदर खोचला, डब्यातलं पीठ काढलं आणि आज्जींच्या पुढ्यात ठेवलं.

"उपकार न्हाई हा, आज्जी. तुमचा वाटा हाय. पर तुम्ही लई वाईट वागलात, हे बी ऐकून घ्या."

आज्जींनी ऐकून घेतलं. मग तीन विटा मांडल्या.

गल्ली पुन्हा घरात राहायला जाईपर्यंत दर सोमवारी त्या विटांवर वेगळा तवा चढला. आज्जींनी काकूंच्या हातचं एकदाही खाल्लं नाही. काकूंनी एकदाही पीठ कमी दिलं नाही.