पापडावरचं आयात शुल्क

आमच्या घरातून अमेरिकेशी पहिलं भांडण बाबांनी काढलं. आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर जादा आयात शुल्क लावलं, ही बातमी त्यांनी अहमदपूरच्या आमच्या ओसरीत बसून मोठ्यानं वाचली आणि स्मरणशक्तीसाठी रोज भिजवून खायचे ते कॅलिफोर्नियाचे बदाम बंद केले. त्या जागी शेंगदाणे आले. अमेरिकेला याचा पत्ता लागला नसावा.

"आम्ही कुणाकडून काय घ्यायचं हे सांगणारे हे कोण?" असं ते दिवसभर म्हणत होते. आई कणीक तिंबत होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

आई गल्लीतल्या बचत गटाची अध्यक्ष. भिंतीपलीकडची मावशी उडदाचे पापड करायची आणि ते आईच्या हातून गटातल्या बायकांत खपायचे. मावशीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे घर पापडांवरच चालायचं. ती डाळ घ्यायची चौकातल्या एका दुकानातून आणि त्या दुकानदाराशी आईचं नुकतंच वाजलं होतं. आई डाळ चाळून चाळून बघत होती तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "अक्का, डाळ घ्यायलात का सून बघायलात?" लोक हसले. मी तिचा एकुलता एक आणि अजून बिनलग्नाचा, त्यामुळे घाव दोन ठिकाणी बसला.

आईनं फर्मान काढलं. मावशी जोवर त्या दुकानातून डाळ घेते, तोवर तिच्या पापडाच्या पुड्यामागं दहा रुपये जास्त, आणि ते गटाच्या डब्यात.

"आई, हे तर अमेरिकेचंच झालं," मी म्हणालो.

"अमेरिकेला कुनी चारचौघांत हसलं का?"

मावशी भिंतीपाशी आली. "अक्का, ह्यांला झटका आला तवा त्यानं दुकान उघडं टाकून आमाला त्याच्या गाडीत लातूरला नेलं. त्याचं दुकान म्या न्हाई सोडायची." एवढं बोलून ती आत गेली.

आमच्या दोन घरांत एक स्टीलची वाटी होती. कधी ठेचा, कधी भाजी घेऊन ती भिंतीवरून ये-जा करायची आणि रिकामी परत द्यायची नाही, हा नियम. त्या संध्याकाळी वाटी परत आली ती लख्ख घासलेली आणि रिकामी. आईनं ती फळीवर पालथी घातली.

महिन्याभरात कळलं की जास्तीचे दहा रुपये भरत होत्या गटातल्याच बायका. त्या आधी कुरकुरल्या, मग पापड घेईनाशा झाल्या. मावशी एसटीतून जळकोटला बहिणीकडे पुडे धाडायला लागली, पण तिथं निम्मेही खपेनात. पलीकडचा लाटण्याचा आवाज कमी होत होत बंद पडला. मावशीचं कसं होणार, या विचारानं मला आईचा भयंकर राग आला.

शेवटी बाबांनीच तोंड उघडलं. "तिनं डाळ कुठून घ्यायची हे सांगणारी तू कोण?"

आईनं फक्त त्यांच्यापुढची शेंगदाण्यांची बशी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी तिनं ती वाटी अंबाडीच्या भाजीनं भरली आणि पलीकडे गेली. मी मागोमाग. शुल्क उठवलं असं म्हणायला तिची जीभ काही रेटेना. "दहा पुडे दे," ती म्हणाली. "गटाला पयल्याच भावात देते."

मावशीनं वाटी घेतली, पुडे पुढं केले. "पुड्यामागं दहा जास्तीचे, अक्का."

"आता कशाचे?"

"तुमीच लावले की. मी डाळ अजून तिथूनच घ्यायलेय."

आईनं कनवटीचे पैसे काढले. संध्याकाळी भिंतीवर वाटी आली. पापडाच्या पिठाच्या कच्च्या लाट्या आणि वर तेलाची धार. आई तिथंच उभी राहून रडत रडत सगळ्या खाऊन बसली, आम्हाला एक ठेवली नाही.

गटाला पापड आता जुन्याच भावात मिळतात. दहा रुपये जास्तीचे मावशी अजून घेते, फक्त आईकडून, आणि आई देते.