शंभूच्या बापाची नोंद

समीना तांबोळीचा त्या सिस्टीमवर जीव होता, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, जुन्या वळणाची बाई, तिला नवं काही नकोच होतं. छे! पिरंगुटच्या त्या कारखान्यात हजेरी, रजा, पगार, बढती असं सगळं मोबाइलवर आलं, तेव्हा सगळ्यात आधी खूश झाली ती हीच.

त्याला कारण होतं. पौडच्या बाजारपेठेतली ही मुलगी, बाप गेल्यावर कारखान्यात पॅकिंगला लागली. तेव्हा रजा म्हणजे सुपरवायझर जनार्दनची मर्जी. माणूस दुष्ट नव्हता, पण आपला तो बाब्या. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, त्याच्या भावकीतली पोरं बिनबोभाट सुटायची, आणि समीनाची आई दवाखान्यात पडली तेव्हा हिला मात्र नुसतं “बघू, बघू”. त्या बघू-बघूत आई गेली, आणि ही मशीनपाशी उभी. पुढं शिकून ती ऑफिसात आली, एचआरमध्ये बसायला लागली, पण ती गोष्ट तिच्या काळजातून काही गेली नाही. मशीन कुणाची भावकी बघत नाही, म्हणून मशीनच तिला माणसापेक्षा न्यायाचं वाटलं. तिचं काय चुकलं?

एचआरचे प्रमुख अनिमेष सर सूसच्या एका सोसायटीत राहायचे. हुशार, शांत, कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्यांचं एकच म्हणणं, “मत नको, आकडा आणा.” कॅन्टीनच्या भिंतीवरसुद्धा तेच रंगवून घेतलेलं. कामगारांच्या गळी हे उतरवायचं काम त्यांनी समीनाला दिलं आणि ‘डेटा चॅम्पियन’ असं भारदस्त नावही दिलं. ती एकेका मशीनपाशी जाऊन सांगायची, “पोटदुखी टाकून पोरगी बघायला जायचं आता बंद. खरं कारण टाका. खोटं टाकलं तर नोकरी जाईल, पन खरं टाकलं तर कुनाला भ्यायचं न्हाई.” लोक हसायचे. पण बाई आपल्यातली, म्हणून ऐकायचे. हळूहळू खरं टाकायला लागले.

मशीन शॉपवरचा शंभू मुठा गावचा. तो जन्मला आणि आई गेली. बाप पोराला भावजयीच्या ओटीत टाकून मुंबईला गेला तो गेलाच. त्याचा भाऊ गेणबा आणि भावजय रंभाबाई, दोघांना मूलबाळ नव्हतं. पोटच्या पोरासारखं वाढवलं असं लोक म्हणतात, पण त्या घरात ‘सारखं’ हा शब्दच नव्हता. शंभू त्यांना दादा आणि आई म्हणायचा. मुंबईचा बाप वारला तेव्हा लोकलाजेखातर जाऊन त्यानं अग्नी दिला. रजेच्या अर्जावर ‘वडील वारले’ असं लिहिलं गेलं, आणि सिस्टीम आली तेव्हा ती जुनी नोंदही बाकीच्यांबरोबर आत चढली. ती कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हती.

पावसाळा सरता सरता गेणबा गेले. सकाळीच शंभूचा फोन.

“समीनाताई, दादा गेलं.” रडण्यानं त्याला बोलवत नव्हतं. “रजा टाकतुया, पन नातं इचारतंय. आई, वडील, बायको, पोरं, एवढंच दावतंय. काय टाकू?”

चुलता त्या यादीत नव्हता. यादी कुठं बसून केली कोण जाणे, करणाऱ्याला भावकी ठाऊक नव्हती एवढं नक्की. आमच्या मुळशीत चुलता गेला तरी घरादाराला सुतक, आणि ज्यानं वाढवलं त्याच्यासाठी डोकं भादरताना कुणी जन्मदाखला मागत नाही.

“वडील टाक,” समीना म्हणाली. “बापच हुता की तुजा. आन मोबाइल ठेव आता, आईपाशी बस.”

तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही.

महिन्याच्या आढाव्याला पडद्यावर संशयास्पद नोंदींच्या लाल खुणा आल्या. अनिमेष सर म्हणाले, “हे बघा. एका कर्मचाऱ्याचे वडील दोनदा वारलेत.” खोलीत हशा पिकला. समीनाही हसली. मग तिनं नाव वाचलं. शंभू अजून कंत्राटावर होता, दिवाळीत कायम व्हायचा होता. आणि खोट्याला माफी नाही हा नियम तिनंच सगळ्यांना पढवलेला.

“सर, मीच सांगितलं त्याला.” ती उभी राहिली आणि होतं ते सगळं बोलली.

सरांनी ऐकून घेतलं. उगाच कशाला खोटं बोला, माणूस समजूतदारच. म्हणाले, “मला त्याला काढायचं नाहीये. त्यानं मोबाइलवर फक्त एक कबुली द्यावी. मृत व्यक्ती वडील नव्हते, नोंद चुकून झाली. रजा बिनपगारी होईल आणि विषय संपेल. उद्यापर्यंत मात्र हवं.”

समीनाचा जीव भांड्यात पडला. एक टिकमार्क तर करायचा! ती त्याच पावली स्कूटर काढून घाटानं मुठ्याला निघाली. नाहीतरी भेटायला जायचंच होतं.

पडवीत शंभू घोंगडीवर बसला होता, डोकं तुळतुळीत. शेजारी भिंतीला टेकून रंभाबाई. सुतकाच्या घरात कामाचं बोलू नये हे समीनाला कळत होतं. चाचरत चाचरत तिनं सांगितलं आणि कबुली उघडून आपला मोबाइल पुढं केला.

“काय लिवलंय? मोट्यानं वाच,” रंभाबाई म्हणाली.

शंभूनं वाचलं. “‘मी जाहीर करतो की, मृत व्यक्ती गेणबा हे माझे वडील नव्हते.’”

वाचून त्यानं मान वर केली. मग शंभू म्हणाला, “ताई, परवा दहाव्याला कावळा शिवंना. समदी भावकी ताटकळली. म्या हात जोडून म्हनलं, दादा, आईला अंतर द्यायचा न्हाई. तवा शिवला. आन आता त्याच हातानं ह्ये दाबू व्हय?”

“दाब रं पोरा,” रंभाबाई म्हणाली. “नोकरी गेली तर लेकरं खात्याली काय? त्यो गेला. त्याला काय ऐकाया येतंय? म्हन न्हवता बाप. त्याला राग न्हाई यायचा.”

शंभूनं तिच्याकडं बघितलं, खाली बघितलं आणि अंगठा पुढं नेला. तेवढ्यात म्हातारी अगदी हळू, जणू सहजच, म्हणाली, “आन मी मेल्यावर काय लिवशील रं?”

शंभूचा हात तिथंच राहिला. समीनानं मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. “ऱ्हाऊ दे,” एवढंच तिला बोलता आलं. अशा घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. तिनं रंभाबाईचा हात नुसता हातात धरला आणि निघाली. घाटात तिला स्कूटर थांबवावी लागली, समोरचं दिसेना. ती ओक्साबोक्शी रडली. ते वाक्य त्या घरात कुणी दुष्टानं नेलं नव्हतं. नियमावर विश्वास ठेवणाऱ्या समीनानंच नेलं होतं, आणि वर एक टिकमार्क म्हणून नेलं होतं. याची तिला भयंकर लाज वाटली.

सकाळी ऑफिसात येऊन तिनं शंभूची लाल खूण उघडली. खात्री करून खूण काढायचा अधिकार तिला होता. तिनं लिहिलं, “घरी जाऊन खात्री केली. मृत व्यक्ती कर्मचाऱ्याचे वडीलच.” खाली आपलं नाव घातलं. खूण हिरवी झाली. आता खोट्याचा नियम लागलाच तर तिला लागणार होता, शंभूला नाही. हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुपारी सरांनी बोलावलं. पुढं काय झालं ते आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे जीव टांगणीला नको. सरांनी नोंद तशीच ठेवली, शंभू दिवाळीत कायम झाला. समीनाचं चॅम्पियनपण मात्र गेलं, ते काम मेधा नावाच्या नव्या मुलीला मिळालं, आणि समीनाला त्याचं वाईट वाटलं, कारण ते तिनं मनापासून केलं होतं. पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. नोकरी जाईल असं धरूनच ती टेबलासमोर उभी होती.

“समीना, लोकांना खरं टाकायला तुम्हीच शिकवलंत,” सर म्हणाले. “आणि ही नोंद?”

“खरी आहे, सर.”

“मग पुरावा जोडायला हवा ना?”

“आहे ना,” ती म्हणाली. तिनं नजर खाली केली नाही. “शंभू कबुलीवर अंगठा ठेवणार, तेवढ्यात त्याच्या आईनं त्याला विचारलं, मी मेल्यावर काय लिहिशील. हे कुठं अपलोड करायचं तेवढं दाखवा, सर. मी आत्ता करते.”